शनिवारची वही



स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. माझं लिहिणं म्हणजे कोड आणि ईमेल. पण दिवाळीत गावी गेले आणि माळ्यावरच्या लोखंडी पेटीत एक वही सापडली. शंभर पानी, निळ्या कव्हराची, कडा वाळवीनं खाल्लेल्या. वर नाव, इयत्ता 9 वी, आणि खाली जि. परभणी. (हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला झाला, तोवर आपण शाळेतून बाहेर पडलो होतो. आपल्या सगळ्यांच्या सनदांवर परभणीच आहे.)

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. इतिहासाचे सर दर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला ही वही काढायला लावत. वर तारीख घालायची आणि खाली अर्धं पान लिहायचं : या आठवड्यात मी काय शिकलो. फक्त पुस्तकातलंच असं नाही, कुठलंही. सर सोमवारी तपासून सही करून देत, कधी लाल शाईत एखादी ओळ. मुलं वैतागायची. "सर, काहीच नाही शिकलो" असं एकानं लिहिलं होतं, त्याखाली सरांनी लिहिलं : "हे कळलं, हेही शिकणंच." तो कोण ते तुम्हाला माहीत आहे, तो आज आपल्या मेळाव्याचा खजिनदार आहे.

माझ्या वहीतली बरीच पानं वाचवत नाहीत. एका पानावर : "या आठवड्यात मी संवेग आणि त्वरण यांतील फरक शिकले." दुसऱ्यावर : "फाट्यावरची खिचडी परगावचे लोक गाडी थांबवून खातात, आपण मात्र घरून डबा आणतो." किल्लारीच्या भूकंपाला (30 सप्टेंबर 1993) वर्ष होत आलं तेव्हा एक पान भरून मी भूकंपलहरींबद्दल लिहिलं आहे. त्यात त्या पहाटे आईनं आम्हाला ओढत अंगणात आणलं आणि मग सकाळपर्यंत कुणी घरात गेलं नाही, हे एका ओळीत उरकलंय. चौदा वर्षांच्या मुलीला लहरींचे प्रकार जास्त महत्त्वाचे वाटले. सरांचा शेरा आहे : "शेवटची ओळ आधी लिहायची."

हा लेख मात्र एकाच पानाबद्दल आहे. तारीख 17 सप्टेंबर 1994. तो दिवसही शनिवारच होता.

त्याच दिवशी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं नवं विद्यापीठ सुरू झालं. सरांनी वर्गात सांगितलं की आजपासून तुम्हाला कॉलेजसाठी औरंगाबादच्या विद्यापीठाकडे बघायची गरज नाही. मग त्यांनी मुक्तिसंग्राम शिकवला. पुस्तकात आमच्या वाट्याला आलेला मजकूर फार नव्हता, सरांनी भर घातली : निजाम, कासिम रझवी, रझाकार, सरदार पटेल, 13 सप्टेंबर 1948 ला सोमवारी सुरू झालेली आणि शुक्रवारी संपलेली पोलीस कारवाई. आदल्या दिवशी त्यांनी गृहपाठ दिला होता, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या.

माझ्या वहीत लिहिलंय : "17 सप्टेंबर 1948 रोजी आपण स्वतंत्र झालो. मी आबांना विचारलं की तुम्हाला त्या दिवशी आनंद झाला का. आबा म्हणाले, हो. नंतर ते उठून गोठ्याकडे गेले."

खाली लाल शाईत : "आबांना पुन्हा विचार."

मी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या शनिवारी गणिताबद्दल लिहिलं. आबा 2001 मध्ये गेले, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. विचारायला सात वर्षं होती.

आता जे लिहिते आहे ते त्या गृहपाठाचं उत्तर समजा. तीस वर्षं उशिरा, आणि आबांना न विचारता, जमेल तेवढं वाचून.

पेटीत वहीच्या खाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आबांचा शाळेचा दाखला होता. पिवळा, चार घड्या पडून चार तुकडे झालेला. सगळा उर्दूत. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. आपल्या वर्गात ज्यांचे आजोबा शिकलेले होते, त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असा एखादा कागद असेल, शोधून बघा.

आपण शाळेत शिकलो ते मराठीत, म्हणून आपल्याला वाटतं की इथं शाळा कायम मराठीतच होती. तसं नव्हतं. हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे लोक बहुसंख्य, पण राज्यकारभाराची भाषा आधी फारसी, आणि 1880 च्या दशकापासून उर्दू. खालच्या वर्गांत मातृभाषा चालायची, वर चढत गेलं की उर्दू. कचेरीत नोकरी हवी तर उर्दू, कोर्टात अर्ज करायचा तर उर्दू. 1918 मध्ये मीर उस्मान अली खान यांनी उस्मानिया विद्यापीठ काढलं. तिथं सगळे विषय उर्दूतून शिकवायचे ठरलं, इतिहास, तत्त्वज्ञान, पुढे वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा. त्यासाठी दार-उल-तर्जुमा नावाचं भाषांतराचं स्वतंत्र खातं उभं केलं होतं. तिथल्या पंडितांनी बसून हजारो शास्त्रीय शब्द उर्दूत घडवले.

हे वाचताना मी जरा गडबडले. लहानपणापासून ऐकलेल्या कथेत निजामाची शाळा म्हणजे फक्त जुलूम होता. आणि जुलूम होताच, कारण ज्याची ती भाषा नाही त्या मराठी पोरानं काय करायचं? पण इंग्रजीऐवजी देशी भाषेत विद्यापीठ चालवून दाखवणं ही गोष्टही त्याच माणसाच्या राज्यात, आधुनिक भारतात पहिल्यांदा घडली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकच वाक्य लिहून सही मिळवण्याची सवय असलेल्या विद्यार्थिनीला हे अवघड जातं.

आपल्या फाट्यावर उभं राहिलं की तीन रस्ते दिसतात. एक अर्धापूरकडून नांदेडला, एक बाळापूर-कळमनुरीवरून हिंगोलीला, आणि एक हदगाव, उमरखेड करत यवतमाळ-नागपूरकडे. या तिसऱ्या रस्त्यावर पैनगंगा लागते. आपल्याला ती म्हणजे इसापूर धरणाची आणि कॅनॉलच्या पाण्याची नदी. 1948 पर्यंत ती सरहद्द होती. अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. (कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचंच, पण 1853 पासून ते इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि 1902 मध्ये कायमच्या पट्ट्यानं दिलं गेलं.) अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार, सहा कलदारला साधारण सात हाली. मध्ये करोडगिरीचं नाकं, म्हणजे जकात. आणि पलीकडे मराठी शाळा.

आमची आजी पलीकडची, उमरखेडच्या बाजूची. ती चौथीपर्यंत मराठीत शिकली होती आणि पोथी घडाघडा वाचायची. आबा अलीकडचे, मिडलपर्यंत शिकलेले, म्हणजे तिच्याहून जास्त, पण मराठी वाचताना अडखळायचे. हिशेब लिहायला बसले की त्यांची पेन्सिल उजवीकडून डावीकडे जायची. घरात पत्र आलं की ते आजीकडं द्यायचं, तहसीलचा जुना कागद आला की आबांकडं. लहानपणी मला वाटायचं, नवरा-बायकोनं कामं वाटून घेतली आहेत. त्यांच्या मधून एक सरहद्द गेलेली होती, हे आत्ता कळतंय.

दाखला माझ्यासाठी वाचला तो माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं. नाव लिहीत नाही, तिची तशी इच्छा आहे, तुम्ही ओळखालच. ती आता हैदराबादला असते. मी फोटो पाठवले, तिनं व्हिडिओ कॉलवर एकेक ओळ वाचून दाखवली. साल 1352 फसली, महिना खुरदाद. फसली सन म्हणजे हैदराबादचा सरकारी सन. तो ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्यापासून सुरू व्हायचा. इसवी सन काढायचा तर त्यात 590 मिळवायचे, पण जानेवारी लागला असेल तर 591. खुरदाद साधारण एप्रिलमध्ये येतो, म्हणजे एप्रिल 1943. तारखांचं असं रूपांतर करायचा प्रोग्रॅम कुणी मला लिहायला दिला असता तर त्यात मी पहिल्याच दिवशी एका वर्षाची चूक केली असती.

तारखांवरून एक आठवलं, मूळ विषय सोडून सांगते. पहिल्या नोकरीत माझ्याकडं एका मोठ्या याद्यांच्या कामाची तपासणी होती. जन्मतारखा मोजल्या तर 1 जूनला इतक्या लोकांचा वाढदिवस की आलेखात डोंगर उभा राहिला. आमचे वरिष्ठ म्हणाले, हा बग आहे, कुणीतरी रिकाम्या जागी आपोआप 1 जून भरतंय, शोधून काढ. मी म्हटलं, सर, बग नाही, ते हेडमास्तर आहेत. त्यांना पटेना. मग मी सांगितलं की खेड्यात पोराला शाळेत घालताना जन्मतारीख कुणालाच माहीत नसते, शाळा जूनमध्ये उघडते, गुरुजी अंदाजानं वर्ष आणि 1 जून लिहून मोकळे होतात. माझ्या वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा. त्या दिवशी ऑफिसात माझा भाव जरा वधारला. इंजिनिअरिंगला जे शिकवलं त्यातलं हे नव्हतं.

आबांच्या दाखल्यावर विषय होते : हिसाब, जुग्राफिया, तारीख. हिसाब म्हणजे गणित, जुग्राफिया म्हणजे भूगोल. तारीख म्हणजे काय, असं मी विचारलं तर मैत्रीण हसली. म्हणाली, "अगं, इतिहास. उर्दूत तारीख म्हणजे इतिहाससुद्धा." दर शनिवारी आपण वहीच्या वर काय लिहायचो ते आठवून आम्ही दोघी हसलो. आबांना त्या विषयात सगळ्यात कमी गुण होते.

आबांच्या शाळेच्या दिवसांत मराठवाड्यात दुसऱ्या प्रकारच्या शाळाही होत्या. निजामाची परवानगी मिळवत, कधी धाक सोसत, लोकांनी वर्गणीतून चालवलेल्या. त्यांतली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सगळ्यांत गाजलेली. तिथं व्यंकटेश खेडगीकर नावाचे मास्तर होते, पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि मग अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत शिकवू लागले. म्हणजे ज्यांच्या नावाचं विद्यापीठ त्या शनिवारी नांदेडला सुरू झालं, ते आधी शाळामास्तर होते. हे सरांनी वर्गात सांगितलं होतं का? सांगितलं असेल. माझ्या वहीत नाही.

आणि 1938 ची गोष्ट तर मला अगदीच नवी होती. त्या वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी बंदी घातली, मुलांनी संप केला, संप इतर गावांत पसरला, शेकडो मुलांची नावं पटावरून काढली. संस्थानात कुठंही प्रवेश मिळेना. तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यांना घेतलं. वर्ष वाया जाण्याची भीती काय असते ते आपल्याला ठाऊक आहे, एका विषयात राहिलो तर घरी कसं जायचं याची चिंता आपण केलेली आहे. त्या मुलांनी एका गाण्यासाठी सगळंच पणाला लावलं आणि परक्या मुलखाच्या गाडीत बसली. त्यांच्यातला एक तेलंगणाचा पी. व्ही. नरसिंह राव. आपण आठवी-नववीत असताना देशाचे पंतप्रधान तेच होते. टीव्हीवर मौन धरून बसलेले ते गृहस्थ आपल्याला कंटाळवाणे वाटायचे. त्यांना उत्तम मराठी येत होतं आणि हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली होती, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी टीव्हीकडं जरा लक्षपूर्वक बघितलं असतं.

आपल्या अगदी जवळचं नाव घ्यायचं तर नरहर कुरुंदकर. वसमतजवळच्या कुरुंद्याचे. शाळकरी वयात ते मुक्तिसंग्रामात ओढले गेले. पुढे इंटरला पुन्हा पुन्हा नापास झाले आणि तरी नांदेडला शाळेत शिकवत राहिले. पदव्या मागून आल्या. शेवटी ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. फेब्रुवारी 1982 मध्ये औरंगाबादला व्यासपीठावर बोलायला उभे असतानाच गेले. आपण त्यांचं नाव वक्तृत्व स्पर्धेच्या ढालीसारखं ऐकलं, पुस्तक एकानंही वाचलं नव्हतं. मी त्यांचं हैदराबादवरचं लेखन चाळिशीत वाचलं. माझ्या गावापासून इतक्या जवळच्या माणसानं हे सगळं लिहून ठेवलेलं होतं आणि मी ते पुण्यात, ऑनलाइन मागवून वाचलं.

आता 17 सप्टेंबर.

सरांनी शिकवलं ते खरं होतं. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. आपल्या भागातून कितीतरी कुटुंबं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली, उमरखेडला स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. आमच्या आजीच्या माहेरी त्या वर्षी आठ महिने पाहुणे होते, हे ती सांगायची, "भाकरी थापून थापून हात गेले माय" असं. निजामाचं राज्य संपलं, आणि ते संपायलाच हवं होतं. त्यात मला काडीचीही शंका नाही.

पण त्या शुक्रवारनंतरही दिवस उगवत राहिले, आणि त्या दिवसांबद्दल आपल्या पुस्तकात काही नव्हतं. रझाकारांचा राग त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या साध्या मुसलमान कुटुंबांवर निघाला. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. तिनं 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरून अहवाल दिला. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर मिळून किमान 27 हजार ते 40 हजार माणसं गेली, असा समितीचा अंदाज होता. सर्वांत वाईट झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं आहेत. अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. सरांनी तो वाचलेला असणं शक्य नव्हतं.

त्या शनिवारी माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं वहीत काय लिहिलं, ते मला आठवतं. तिनं वर तारीख लिहिली आणि खाली काहीच लिहिलं नाही. तास संपेपर्यंत पेनाचं टोपण काढत-लावत बसली. मला वाटलं, गृहपाठ विसरली असेल. सोमवारी सरांनी वह्या परत दिल्या तेव्हा तिच्या कोऱ्या पानाखाली नुसती सही होती. ओरडले नाहीत, शेरा नाही. सरांना काय कळलं होतं मला माहीत नाही. मी तेव्हा घरी जाऊन सांगितलं होतं की सर तिचे लाड करतात.

दाखला वाचून झाल्यावर मी तिला त्या पानाबद्दल विचारलं. फोनवर ती बराच वेळ बोलली. तिचे आजोबा आमच्याच गावात मास्तर होते. आबांचे मास्तर. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात एका रात्री ते बायको आणि दोन मुलांना घेऊन हैदराबादकडे निघाले. आमच्या गावात कुणी कुणाला हात लावला नाही, असं माझ्या घरी सांगतात आणि तीही तसंच म्हणाली. पण भीतीला कुणी हात लावावा लागत नाही. वाटेत मास्तर चुकामूक होऊन मागं राहिले, ते पुन्हा दिसले नाहीत. तिला एवढंच ठाऊक आहे, तिच्या वडिलांनाही एवढंच. आजी आणि मुलं दोन-अडीच वर्षांनी गावात परत आली.

"का परत आली?" मी विचारलं.

"तुझ्या आबांची पत्रं यायची ना," ती म्हणाली. "घर आहे, वावर मी बघतो, कुणी काही करणार नाही, या. आमच्याकडं आहेत अजून. सात पत्रं. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. माझ्या घरी कुणालाच माहीत नव्हतं, आजीलाही नसावं. ती उर्दू वाचू शकत नव्हती.

मी आजवर एक गोष्ट चारचौघांत सांगत आले आहे. आमचे आबा शिकलेले होते पण भलत्या भाषेत, राज्य बदललं आणि त्यांचं शिक्षण एका आठवड्यात रद्दी झालं. त्यात तथ्य आहेच. पटवाऱ्याच्या कामासाठी त्यांनी अर्ज केला होता, तोवर कारभार बदलू लागला होता. त्यांच्याहून कमी शिकलेल्या पण मराठी चांगलं असलेल्या माणसाला ते काम मिळालं. 1 नोव्हेंबर 1956 ला संस्थानाचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला, मग 1960 ला महाराष्ट्र. आबा घर न सोडता चार राज्यांत राहिले आणि शेवटच्या दोन वर्षांत जिल्हाही बदलला. त्यांचं उर्दू पुढं खासऱ्याचे जुने कागद वाचून द्यायला तेवढं उरलं, त्याचे ते चहासुद्धा घ्यायचे नाहीत. गंमत अशी की 2023 मध्ये निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं सरकारनं ठरवलं तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं मिळवायला धावपळ करावी लागली. आबा असते तर त्यांच्या ओसरीवर रांग लागली असती.

पण रद्दी हा शब्द आता मला मागं घ्यावा लागतोय.

तसं पाहिलं तर हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण तेच माझ्याही बाबतीत झालं. मार्च 1996 ला आपण बोर्डाची परीक्षा दिली, जूनमध्ये मी नांदेडला अकरावी सायन्सला गेले. पहिल्या आठवड्यात फिजिक्सच्या तासाला विचारलं, रिफ्रॅक्शन म्हणजे काय. मी मान खाली घातली. शेजारच्या मुलीनं उत्तर दिलं आणि मला कळलं की हे तर अपवर्तन आहे, याची व्याख्या, आकृती, नियम, सगळं मला झोपेत येतं. संवेग, त्वरण, जडत्व, आपले सगळे शब्द एका उन्हाळ्यात निकामी झाले. संध्याकाळी खोलीवर बसून मी दोन रकाने केले, डावीकडं मराठी, उजवीकडं इंग्रजी. चारशेच्या वर शब्द झाले. सुट्टीत घरी आले तेव्हा ती वही आबांनी हातात घेतली, चाळली. विचारलं, "हे काय करायलीस?" मी सांगितलं. ते बराच वेळ वही धरून बसले. मग म्हणाले, "जुने खोडू नको. राहू दे बाजूला."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कागद वाया गेलेला आवडत नाही.

मैत्रीण मेळाव्याला येते आहे आणि पत्रांतली दोन बरोबर आणणार आहे. बाकीची तिच्या वडिलांनी द्यायला नकार दिला, आणि ते बरोबरच आहे. मी वही आणते. सर, तुमची तब्येत बरी नसते असं ऐकलं, तरी तुम्ही यालच अशी आशा आहे. वहीच्या शेवटच्या चार शनिवारांवर तुमची सही राहिलेली आहे, वार्षिक परीक्षा जवळ आली होती म्हणून तुम्ही वह्या गोळाच केल्या नव्हत्या. लाल पेन मी घेऊन येते.